भेगेचं वय

माळ्यावरची फ्रेम खाली काढायला ऋजुताला स्टूल घ्यावं लागलं. पंधरा वर्षं ती जुन्या चादरीत गुंडाळून तिथं पडली होती. चादर विटली होती, तिच्या गाठी सुटता सुटत नव्हत्या. आतली काळी सायकलची फ्रेम मात्र कालच कुणीतरी ठेवावी तशी होती. गंज नाही, पोपडे नाहीत. फक्त वरची आडवी नळी पुढच्या टोकाशी तुटलेली, आणि खालच्या नळीच्या त्याच बाजूला चिरफळ्या उडालेल्या.

"कशाला काढतेस ती?" शार्दूलनं व्हीलचेअर दारात आणून विचारलं. तो तिचा धाकटा भाऊ, त्रेचाळीस वर्षांचा. या फ्रेमवरून पडल्यापासून त्याचं कमरेखालचं अंग गेलं होतं.

"प्रयोगशाळेत हवीय. आठवड्यात परत आणते."

"तुम्हाला दुसरं काही मिळत नाही का?"

"ज्या भेगेची तारीख पक्की माहीत आहे, असा नमुना हवाय. याच्याइतकी पक्की तारीख कुठल्या भेगेची असणार?"

शार्दूल चाकं वळवून आत निघून गेला. त्याला त्रास होणं साहजिक आहे असं ऋजुताला वाटलं, आणि तिनं फ्रेम पुन्हा चादरीत गुंडाळली, जिना उतरताना त्याच्या नजरेला पडू नये म्हणून.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या तिच्या प्रयोगशाळेत त्या वर्षी एकाच यंत्राची चर्चा होती. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांच्या पात्यांना तडे जायचे आणि भांडणं सुरू व्हायची. तडा कारखान्यातलाच, की ट्रकवरून आणताना गेलेला, की देखभाल करणाऱ्यांच्या हलगर्जीपणानं? सगळे वाद येऊन अडायचे ते एकाच प्रश्नापाशी. तडा गेला कधी? त्याचं उत्तर देणारं यंत्र प्रयोगशाळेतल्या डॉ. केळुसकरांनी बनवलं होतं.

पाती काय किंवा शार्दूलची फ्रेम काय, असल्या वस्तूंत दोन गोष्टींचा संसार असतो. एक म्हणजे धागे. कार्बनचे धागे केसाहून बारीक, ओढायला पोलादाहून चिवट. दुसरी म्हणजे त्या धाग्यांना धरून ठेवणारं रेझिन, घट्ट वाळलेल्या डिंकासारखं. धातू लाखो वेळा हलला, वाकला की थकतो आणि एक दिवस तुटतो. कार्बनचे धागे जवळपास थकतच नाहीत. नीट वापरली तर अशी फ्रेम चालवणाऱ्याच्या नातवापर्यंत टिकावी. तिचा घात होतो तो भलत्या जागी बसलेल्या एखाद्याच घावानं. धातूच्या नळीला पोचा येतो, दिसतो, माणूस सावध होतो. कार्बनची नळी घाव सोसते आणि पुन्हा होती तशीच दिसायला लागते. रंगावर ओरखडाही नसतो. आतले थर मात्र एकमेकांपासून सुटलेले असतात, आणि पुढच्या प्रत्येक धक्क्याला आणखी जरा जरा सुटत जातात.

रेझिन फुटलं की त्याचा आतला कोरा भाग पहिल्यांदाच हवेला लागतो. त्या क्षणापासून हवेतला प्राणवायू त्यात मुरायला लागतो. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसंच हे, पण फार सावकाश. वर्षभरात केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सा. किती खोल मुरलाय ते प्रकाशाचा झोत टाकून मोजायचं, त्या गावाच्या तापमानाच्या जुन्या नोंदींशी ताडून बघायचं, की भेगेचं वय निघतं. फार तर महिना दीड महिना इकडे तिकडे. भेग टप्प्याटप्प्यानं वाढली असेल तर प्रत्येक टप्प्याचं वय वेगळं मिळतं. पठारावरचे कामगार या यंत्राला भेगांची पत्रिका काढणारं यंत्र म्हणत.

यंत्र बाहेर द्यायच्या आधी केळुसकरांना ते जुन्या कार्बनवर पारखून घ्यायचं होतं. ऋजुता म्हणाली होती, "माझ्या घरी आहे एक फ्रेम. दोन तारखा देते, लागोपाठच्या दोन दिवसांच्या. एक नळी दाबली गेल्याची आणि एक ती तुटल्याची. यंत्रानं दोन्हींचं वय सारखंच सांगायला हवं."

त्या दोन्ही तारखा तिच्या आयुष्यात खिळ्यासारख्या रुतल्या होत्या.

एप्रिलमधला शनिवार होता. ती तेव्हा पुण्यात, अशाच कार्बनच्या वस्तूंच्या कारखान्यात नोकरीला होती. सुट्टीला साताऱ्याला आली आणि शार्दूलबरोबर हणमंत पांचाळांच्या दुकानात गेली. दुसऱ्या दिवशी सरावाला जायचं होतं, म्हणून त्यानं सायकल तिथं टाकली होती. हणमंतकाकांनी या दोघांना लहानपणी सायकल शिकवली होती. शार्दूलच्या पहिल्या शर्यतीची सायकल त्यांनीच जोडून दिली होती. जिल्ह्यात त्यांच्या हातासारखा हात नव्हता, पण तो हात लोखंडावर घडलेला होता. ऋजुता दुकानात शिरली तेव्हा फ्रेमची आडवी नळी त्यांनी स्टँडच्या चिमट्यात धरली होती.

"काका, कार्बनची नळी अशी चिमट्यात नाही धरत. सीटच्या दांडीला धरायचं."

"मधी कापड लावलंय की गं, ऋजू," ते ओशाळून म्हणाले आणि सायकल लगेच खाली घेतली.

रविवारी सकाळी यवतेश्वरचा घाट उतरताना शार्दूलनं एका वळणावर ब्रेक दाबला आणि वरची नळी तुटली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात, वीस-पंचवीस लोकांसमोर, ऋजुता हणमंतकाकांना म्हणाली होती, "तुम्ही त्याची नळी चिरडलीत. पुन्हा त्याच्यासमोर येऊ नका." आदल्या दिवशी सहज काढलेला एक फोटो तिच्या फोनमध्ये होता, त्यात तो चिमटा होता. तिनं सायकल क्लबला सविस्तर पत्र लिहिलं, फोटो जोडला, कार्बन कसा तुटतो ते समजावून सांगितलं. त्या विषयातलं तिच्याइतकं कळणारं गावात कुणी नव्हतं, त्यामुळे कुणी वादही घातला नाही. पावसाळा संपायच्या आत दुकान बंद झालं. हणमंतकाका पाटणकडच्या आपल्या मूळ गावी निघून गेले. आपण शिवीगाळ केली नाही, जे केलं ते पुराव्यानिशी केलं, असं ऋजुताला पंधरा वर्षं वाटत आलं होतं.

आणि यंत्र तिच्या दोन तारखांपैकी एकच द्यायला तयार होतं.

तुटल्याची तारीख महिनाभराच्या फरकानं बरोबर आली. चिमट्याच्या जागी मात्र भेगच नव्हती. थर जसेच्या तसे होते. उलट त्याच्या वीतभर पुढं, जिथून नळी तुटायला सुरुवात झाली होती, तिथं नखाएवढा एक डाग होता. त्याचं वय अपघाताच्या आधी तीन वर्षं चार महिने निघालं. त्याच्याभोवती चार टप्पे होते, प्रत्येक आधीच्याहून तरुण.

तिनं मोजणी तीनदा केली. मग केळुसकरांना बोलावलं.

"यंत्र बरोबर आहे," ते बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले. "तुमच्या माहितीत काहीतरी राहून गेलंय."

"माझ्या माहितीत काही राहिलेलं नाही."

"मग हा घाव कसला? अरुंद आहे, एका बाजूनं बसलाय. मला सायकलीतलं कळत नाही. तुम्हीच सांगा."

ऋजुताला ते बघताक्षणी कळलं होतं. सायकल जोरात पडली की पुढचं चाक वळतं, हँडल गर्रकन फिरतं आणि त्याचं टोक आडव्या नळीवर येऊन आपटतं. उभ्या सायकलीवर असा घाव बसूच शकत नाही. तिनं मागं मोजलं. तो डिसेंबर होता. शार्दूल दापोलीच्या शर्यतीहून मनगटाला प्लास्टर घालून आला होता. लॉजच्या न्हाणीघरात घसरलो, म्हणाला होता.

ती दुपारीच घरी गेली. शार्दूल खिडकीशी बसून, तो ज्या मुलांना शर्यतीसाठी तयार करायचा त्यांचे आकडे पडद्यावर बघत होता. तिनं खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"दापोलीला तू न्हाणीघरात घसरला नव्हतास."

शार्दूलनं पडदा बंद केला. त्यानं नाटक केलं नाही. कदाचित फ्रेम माळ्यावरून उतरली तेव्हापासूनच तो या वाक्याची वाट बघत होता.

"नाही," तो म्हणाला. "उतारावर वाळू होती. सायकलसकट पडलो."

"का नाही सांगितलंस?"

"फ्रेम प्रायोजकांची होती. पडलं की कळवायचं, ते फ्रेम काढून घेणार, तपासणार, मग दोन महिन्यांनी दुसरी देणार. फेब्रुवारीत राष्ट्रीय संघाची निवड होती, ताई. मी ती नीट बघितली. रंगसुद्धा उडाला नव्हता. मला खरंच वाटलं, काही झालेलं नाही."

"आणि नंतर? तुटल्यावर?"

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना.

"शुद्धीवर आलो तेव्हा तू काकांशी बोलून आली होतीस. मला सांगितलंस, तुझी काहीच चूक नाही, मी सगळं शोधून काढलंय. फोटो दाखवलास. ताई, मला माहीत होतं असं नाही म्हणत मी. शंका होती. पण तू इतकी ठाम होतीस. तूच त्या विषयातली. मला वाटलं, असेल तसंच. बरं वाटलं मला."

"बरं वाटलं?"

"माझे पाय गेले होते. ते माझ्यामुळे गेले नाहीत, हे ऐकून बरं नसतं वाटलं?"

ऋजुताला खूप काही बोलायचं होतं. ज्या रागावर तिनं पंधरा वर्षं या घराचा गाडा ओढला, पुण्याची नोकरी सोडली, लग्नाचं मनावर घेतलं नाही, तो राग अजून तसाच होता, आणि आता तो ठेवायला जागा नव्हती. शार्दूलवर टाकावा तर पत्र तिनं लिहिलं होतं. एकदाही त्याला विचारलं नव्हतं, तू आधी कधी पडला होतास का? त्या विषयातला पहिलीतला प्रश्न तो. कारखान्यात परत आलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबरच्या अर्जात सर्वांत वर छापलेला असायचा.

"मी रविवारी पाटणला जाणार आहे," ती शेवटी म्हणाली.

"मला ने," शार्दूल म्हणाला. "मी सांगतो. तू नको सांगूस."

हणमंतकाकांची पिठाची गिरणी गावात शिरताच होती, रस्त्याला लागून. दोन उंच पायऱ्या, वर पत्र्याची शेड. गाडी थांबली तसे ते दारात आले. सत्तरी ओलांडलेली, भुवयांवर पीठ. त्यांनी ऋजुताला ओळखलं आणि त्यांचा चेहरा बंद झाला.

"या," ते म्हणाले. "काय काम काढलंत?"

पूर्वी ते तिला अगं-तुगं करायचे. त्या 'काढलंत'नं ती पायरीखालीच थांबली. तेवढ्यात गाडीतून शार्दूलनं हाक मारली, "काका." हणमंतकाका पायऱ्या उतरून खिडकीशी गेले. त्यांनी आधी त्याच्या पायांकडे बघितलं आणि मग चेहऱ्याकडे. अपघातानंतर त्यांनी त्याला बघितलंच नव्हतं. ऋजुतानं बघू दिलं नव्हतं.

"काका, मी पडलो होतो," शार्दूल म्हणाला. वाटेत त्यानं बरंच काही जुळवलं असणार, पण तेवढंच बाहेर आलं. "घाटात पडलो त्याच्या तीन वर्षं आधी, दापोलीला. हँडल नळीवर आपटलं होतं. मी कुणाला बोललो नाही. तुम्हालाही नाही. नळी तेव्हाच गेली होती."

हणमंतकाका ऋजुताकडे वळले. जणू खरंखोटं अजूनही तिनंच करायचं होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "आता भेगेचं वय काढता येतं. तुम्ही चिमट्यात धरली होती त्या जागी काहीही झालेलं नाही. एक भेगसुद्धा नाही. मी चुकले, काका. मी लिहिलेलं सगळं चूक होतं."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

"मी कापड लावलं हुतं."

"हो."

ते पायरीवर बसले. हाताला लागलेलं पीठ त्यांनी धोतराला पुसलं, पुन्हा पुसलं. ऋजुताला वाटलं होतं ते रडतील किंवा रागावतील. दोन्हींसाठी ती तयार होती.

"मालनला कळाया पायजे हुतं," ते म्हणाले. मालन त्यांची बायको. "चार वर्सं झाली तिला जाऊन. लोक काय काय बोलायचे, पण ती मला कधी एका शब्दानं बोलली न्हाई. पर तिलाबी वाटायचं, माझ्याच हातनं झालं. मीच सांगितलं हुतं तिला तसं. मला पटलं हुतं ना. रातच्याला डोळं मिटलं की चिमटा दिसायचा. किती पिळला, स्क्रूचा अर्धा आटा जास्त पिळला का, ह्येच."

"मी पेपरात छापून आणते," ऋजुता म्हणाली. "माझ्या नावानं. सगळं."

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच ते कळलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "फ्रेम आणलीय?"

तिनं डिकीतून चादर काढली. त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. खालच्या नळीचं वजन हातात तोलून बघितलं. कुठं आपटलं होतं, तेवढं एकदा विचारलं. ऋजुतानं जागा दाखवली. तुटलेल्या टोकामागं अजून चार बोटं नळी शाबूत होती, आणि थर तिथंही आतून सुटलेले होते, हे तिला यंत्रावर दिसलं होतं. बाहेरून काळा रंग चकचकीत होता.

हणमंतकाकांनी बंडीच्या खिशातून एक नाणं काढलं आणि त्याच्या कडेनं नळीवर वाजवायला सुरुवात केली. मागच्या टोकापासून पुढं, बोटाबोटाच्या अंतरानं. टक. टक. टक. आवाज स्वच्छ होता, कोरड्या लाकडासारखा. चिमट्याच्या जागेवर तसाच. त्याच्या पुढंही तसाच. मग तुटलेल्या टोकाच्या जरा अलीकडं आवाज एकदम बसला. थप्. ते मागं गेले. टक. पुढं आले. थप्.

"ऐकलंस?" ते म्हणाले.

"हो," ऋजुता म्हणाली.

"माझ्या हाताखालनं दर दोन महिन्यांनी जायची ही. धुवायचो, पुसायचो, बेरिंग काढून ग्रीस भरायचो. तीन वर्सं म्हणजे वीस येळा तरी झाली असंल. ह्यो आवाज तवाबी आत हुता."

"काका, तुमचा काही दोष नाही. बाहेरून कुणालाच कळलं नसतं. त्यासाठी आता एवढं मोठं यंत्र करावं लागलं."

"यंत्र वय सांगाया लागतं," ते म्हणाले. "फुटलीय का, ते नाणंबी सांगतं. आत्ता सांगितलं न्हवं?"

एवढ्या लांब ती त्यांना मोकळं करायला आली होती. एका अपराधातून ते सुटले होते, आणि तिच्या डोळ्यांदेखत, तिनंच आणून दिलेली फ्रेम मांडीवर घेऊन, दुसरा शोधून काढत होते.

त्यांनी फ्रेम तिच्या हातात दिली, उठले आणि गाडीच्या खिडकीशी गेले. शार्दूलच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. पिठाची पाच बोटं त्याच्या शर्टावर उमटली.

"तू नुसतं पडलो म्हणाला असतास ना," ते म्हणाले, "तर मी वाजवून बघितली असती."

शार्दूलनं मान खाली घातली.

एक बाई ज्वारीचा डबा घेऊन आली. "दळण घेताय न्हवं, अण्णा?" तिनं विचारलं. हणमंतकाका डबा घेऊन पायऱ्या चढले. मोटार सुरू झाली, पट्टा फिरायला लागला, पत्रे थरथरले. बोलणं शक्यच नव्हतं इतका आवाज. ऋजुता गाडीत येऊन बसली. दळण झालं की ते बाहेर येतील, निदान निरोप घेऊन जाऊ, असं दोघांनाही वाटत होतं.

दहा-बारा मिनिटांनी ती बाई गरम पिठाचा डबा पदरानं धरून निघून गेली. गिरणीत दुसरं कुणीच नव्हतं. रिकामी गिरणी चालू ठेवली तर दगडावर दगड घासून दोन्ही खराब होतात, हे हणमंतकाकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्यांनी ती बंद केली नाही. बरीच वाट बघून ऋजुतानं गाडी वळवली, तेव्हाही ती तशीच चालू होती.